वाचनदालनांचे अंतरंग

ज्या महाविद्यालयात माझे विद्यार्थिजीवन गेले, त्याच्या शतकाहून जुन्या दगडी इमारतीतील ग्रंथालयाचे नूतनीकरण यंदा पुरे झाले. सागवानी तुळयांचे उंच छत जिप्समच्या तक्त्यांआड गडप झालेले, वरचे झरोके कायमचे बंद केलेले आणि लांब मेजांच्या जागी रंगीत गाद्यांच्या बैठका मांडलेल्या पाहून जो विषाद वाटला, तो व्यक्त केल्यावाचून राहवत नाही.

मुंबईच्या विद्यावास्तूंच्या उभारणीचा काळ सर्वश्रुत आहे. टांकसाळ व गोदीतील तरुण कारागिरांनी १८४७ मध्ये आरंभिलेल्या वाचनसंस्थेला १८७० मध्ये काळा घोडा येथे डेव्हिड ससून यांच्या देणगीने हक्काची इमारत लाभली. आणि प्रेमचंद रायचंद यांच्या औदार्याने, हिंदुस्थानात कधी पाऊलही न ठेवलेल्या गिल्बर्ट स्कॉटच्या आराखड्याबरहुकूम विद्यापीठाचे ग्रंथालय व राजाबाई मनोरा १८७८ मध्ये सिद्ध झाला. त्यानंतरची शंभर वर्षे बहुतांशी डागडुजीची.

परंतु विसाव्या शतकाचे अखेरचे दशक मी या दालनांतच घालविले. ससून वाचनालयाच्या वरच्या सज्जातील आरामखुर्चीत दुपारी वाचीत असता, किंवा विद्यापीठाच्या ग्रंथालयात रंगीत तावदानांतून झिरपणारा प्रकाश पानावर पडत असता, हळूहळू ध्यानी आले की उंच छत हा निव्वळ वैभवाचा दिमाख नव्हे. तापलेली हवा वर चढून झरोक्यांवाटे निघून जावी, चुन्याच्या गिलाव्याने ओल शोषून पुन्हा बाहेर सोडावी, पुस्तकांच्या पाठीमागेही वारा खेळावा, या हेतूंनी त्या स्थपतींनी दालनाचा प्रत्येक अवयव योजिला होता. आणि आषाढातल्या दमट दिवसांतही तेथे मन पुस्तकावर ठरत असे, त्याचे श्रेय मी त्या योजनेलाच देतो.

त्याच दशकात, १९९५ मध्ये, मुंबईसाठी वारसा नियमावली अमलात आली. सरकारदरबारी ही तजवीज व्हावी म्हणून ज्यांनी वर्षानुवर्षे खटपट केली त्यांचे ऋण मोठे आहे. तथापि पहिल्या श्रेणीच्या वास्तूंचे अंतरंग तिने जसे कसोशीने राखले तसे खालच्या श्रेणींचे राखले नाही. तेथे अंतर्गत फेरफारांना पुष्कळ मोकळीक राहिली, आणि दर्शनी भिंत शाबूत ठेवली की कर्तव्य संपले, असा शिरस्ता पडला. आमच्या महाविद्यालयाच्या कारभाऱ्यांनी याच मोकळिकीचा आधार घेऊन काचेच्या दारांची सागवानी कपाटे लिलावात काढली. विद्यार्थ्यांनी लेखी हरकत घेतली, तेव्हा बाहेरचा दगड सुरक्षित असल्याचे उत्तर मिळाले. ते उत्तर मला तेव्हा पटले नाही, आजही पटत नाही.

हे अटळ होते असे म्हणणाऱ्यांनी शेजारी पाहावे. विद्यापीठाच्या ग्रंथालयाचा जीर्णोद्धार २०१५ मध्ये पुरा झाला, तेव्हा तेथील काचचित्रांना जाणत्या हातांनी पुन्हा तेज आणले. ससून वाचनालयावर गेल्या शतकात पडलेला सिमेंटचा स्लॅब काढून तेथे पुन्हा उतरते छप्पर चढविले गेले आणि २०२३ मध्ये ते वाचकांना खुले झाले. विजेच्या तारा, संगणक, पंखे आजच्या विद्यार्थ्याला हवेतच. पण तारा मूळ लाकडाला भोके न पाडता नेता येतात, दिवे छताऐवजी मेजांवर ठेवता येतात, नवी मांडणी भिंतीपासून सुटी उभारता येते, म्हणजे उद्या कोणाला ती काढावीशी वाटली तर मूळ वास्तूला ओरखडाही उठत नाही.

आमच्या ग्रंथालयात याच्या नेमके उलट घडले. चुन्याच्या भिंतींवर प्लास्टिक रंगाचे थर चढल्याने ओल आतच कोंडते. वातानुकूलन दिवसा चालते आणि रात्री बंद पडते, त्यामुळे दमटपणाची चढउतार नित्याची झाली असून पहिल्याच पावसाळ्यात जुन्या बांधणीच्या ग्रंथांवर बुरशी धरली आहे. जिप्समचे तक्ते लोखंडी पट्ट्यांना टांगलेले असल्याने ते उतरविणे मुळीच दुर्घट नाही. व्यवस्थापनाने ते पुढच्या पावसाळ्याआधी उतरवावे, झरोके मोकळे करावे आणि भिंतींवर पुन्हा चुना द्यावा, असा अर्ज आम्ही काही माजी विद्यार्थी सह्यांनिशी सादर करीत आहोत.