ऐतिहासिक विचारपद्धतीचे अन्य विषयांतील उपयोजन

एखाद्या विधानाचा आधार कोणता, तो कोणी, केव्हा व कोणत्या हेतूने निर्माण केला आणि अन्य स्वतंत्र पुराव्याशी तो कितपत जुळतो, हे तपासून मगच ते विधान स्वीकारण्याची वा नाकारण्याची शिस्त म्हणजे ऐतिहासिक विचारपद्धती होय. ही शिस्त इतिहाससंशोधनात घडली. तथापि महाविद्यालयातील जे जे विषय नोंदी, आकडे व अहवाल यांवर उभे आहेत, त्या सर्वांना ती लागू पडते. इतिहास म्हणजे सनावळ्यांचे पाठांतर, ही समजूत रूढ असल्यामुळे तिचे हे व्यापक क्षेत्र सहसा लक्षात घेतले जात नाही.

शार्ल लांग्ल्वा व शार्ल सेन्योबॉस या फ्रेंच इतिहासकारांनी १८९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात साधनांच्या बहिरंग व अंतरंग परीक्षणाची मांडणी केली. कागद अस्सल आहे काय, हा बहिरंग परीक्षणाचा प्रश्न. त्यातील मजकूर विश्वसनीय आहे काय, हा अंतरंग परीक्षणाचा. योगायोग असा, की त्याच वर्षी वि. का. राजवाडे (१८६३–१९२६) यांच्या मराठ्यांच्या इतिहासाची साधने या मालेचा पहिला खंड निघाला आणि बखरींपेक्षा समकालीन अस्सल पत्रे अधिक प्रमाण होत, हा आग्रह महाराष्ट्रात रुजला. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ सॅम वाइनबर्ग यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात इतिहासकारांना व शालेय विद्यार्थ्यांना एकच कागद वाचावयास दिले होते. इतिहासकार मजकुराआधी लेखक व काळ पाहत. विद्यार्थी बहुधा पाठ्यपुस्तक वाचावे तसे पहिल्या ओळीपासून वाचत जात.

अर्थशास्त्र व सांख्यिकी यांच्या विद्यार्थ्याला या सवयीची गरज सर्वाधिक असते, कारण छापील आकडा निर्विवाद भासतो. भारताच्या १९६१ च्या जनगणनेत कामकरी स्त्रियांची संख्या सु. ५.९ कोटी होती. १९७१ मध्ये ती सु. ३.१ कोटी भरली. याच दशकात स्त्रियांची लोकसंख्या सु. २१ कोटींवरून २६ कोटींवर गेली होती आणि कामकरी पुरुषांच्या संख्येत वाढच झाली होती. केवळ कोष्टक पाहणारा यावरून जवळजवळ निम्म्या स्त्रियांचा रोजगार बुडाला, असा निष्कर्ष काढील. साधनचिकित्सा करणारा मात्र प्रथम गणकाच्या हातातील प्रश्नपत्रिका मागवील. १९६१ मध्ये हंगामी कामाच्या बाबतीत हंगामाच्या बहुतेक काळात रोज एक तासाहून अधिक नियमित काम करणारी व्यक्ती कामकरी ठरत असे. १९७१ मध्ये प्रत्येकाचे मुख्य कार्य कोणते, हे आधी विचारण्यात आले. गृहकृत्य हे मुख्य कार्य म्हणून नोंदले गेले, की निंदणी, कापणी वा गुरांची निगा करणारी स्त्रीही अकामकऱ्यांत जमा होई; तिचे ते काम दुय्यम म्हणून वेगळे नोंदले जाई. शिवाय उत्तर देणारा बहुधा कुटुंबातील पुरुष असे आणि ‘ती घरीच असते’ असे सांगण्यात त्याला काही वावगे वाटत नसे. १९८१ मध्ये १८३ दिवसांची मर्यादा घालून मुख्य व सीमांतिक कामकरी असे वर्ग करण्यात आले, म्हणजे मोजमाप पुन्हा बदलले. घट मुळीच झाली नाही, असे यावरून सिद्ध होत नाही. ती किती झाली, हे या दोन आकड्यांच्या वजाबाकीने सांगता येत नाही, एवढेच ठरते. तथापि ज्यांचे श्रम कोष्टकातून गळाले, त्या नियोजनातूनही गळण्याचा संभव असतो, म्हणून हा भेद केवळ पारिभाषिक नव्हे.

वैद्यकात कार्यकारणाचा क्रम तपासण्यासाठी हीच पद्धती उपयोगी पडते. लंडनमधील ब्रॉड स्ट्रीट भागात १८५४ च्या ऑगस्टअखेर पटकीची साथ उद्भवली व तीत ६०० हून अधिक लोक दगावले. जॉन स्नो (१८१३–५८) यांच्या सांगण्यावरून ८ सप्टेंबर रोजी तेथील पंपाचा दांडा काढला आणि साथ थांबली, अशी कथा सांगितली जाते. मृत्यूंच्या तारखा पाहिल्या असता साथ त्यापूर्वीच ओसरू लागली होती, असे दिसते. रहिवाशांच्या पलायनाचा हा परिणाम असू शकतो, हे खुद्द स्नो यांनीच नमूद केले आहे. त्यांचा सिद्धांत यामुळे डळमळत नाही. उलट, तो खोडून काढण्याच्या हेतूने घरोघर चौकशी करणारे स्थानिक धर्मोपदेशक हेन्री व्हाइटहेड अखेर त्याच निष्कर्षाला आले, हा पुरावा दांड्याच्या कथेपेक्षा कितीतरी भक्कम आहे.

खगोलशास्त्रात जुन्या नोंदींचा थेट उपयोग झाला आहे. इ. स. १०५४ मध्ये दिसलेल्या ‘पाहुण्या ताऱ्या’ची चिनी नोंद आणि वृषभ राशीतील क्रॅब अभ्रिकेच्या प्रसरणावरून काढलेले तिचे वय यांचा मेळ बसल्याने ती अभ्रिका त्या अतिदीप्त नवताऱ्याचा अवशेष असल्याचे निश्चित झाले.

या पद्धतीला मर्यादाही आहेत. गणितातील सिद्धता तिच्या कर्त्याच्या हेतूवर वा काळावर अवलंबून नसते. अन्य विषयांतही लेखकाचा स्वार्थ दाखविल्याने त्याचे विधान खोटे ठरत नाही. त्याला स्वतंत्र पुष्टी हवी, इतकेच त्यातून निष्पन्न होते. नवशिके विद्यार्थी येथे हटकून चुकतात आणि पूर्वग्रहाचा आरोप म्हणजेच चिकित्सा असे मानू लागतात.