गाडी गेल्यावर उरलेली पट्टी

रेल्वेमार्ग बंद पडला की सगळ्यांचं लक्ष आधी लोखंडाकडे जातं. रूळ किती टन निघतील, स्लीपर कोण उचलेल, स्टेशनच्या दगडी इमारतीचं काय करायचं, यावर चर्चा झडतात. वास्तविक रूळ ही त्या सगळ्यातली पुन्हा सहज विकत मिळणारी वस्तू. खरी महाग असते ती रुळांखालची जमीन. रुंदीला काही फूटच, पण लांबीला चाळीस-पन्नास किलोमीटर, मधे कुठं न तुटलेली आणि जवळजवळ सपाट. अशी पट्टी आज नव्यानं मिळवायची म्हटलं, तर भूसंपादनातच एक पिढी जाईल. ती सपाट का असते, हेही समजून घेण्यासारखं आहे. लोखंडी चाक लोखंडी रुळावर घरंगळतं ते घर्षण कमी असल्यामुळे, आणि त्याच कारणानं चढ लागला की ते हतबल होतं. बोरघाटात ३७ फुटांना एक फूट चढ आहे, तर तिथं गाडीला जादा इंजिनं जोडावी लागतात. म्हणून रेल्वे बांधणारा माणूस टेकडी आली की ती कापतो, ओढा आला की पूल टाकतो, खोलगट भाग आला की भराव घालतो. हे काम त्यानं इंजिनाच्या सोयीसाठी केलेलं असतं. पण गाडी बंद झाल्यावर ते गुडघे दुखणाऱ्या म्हाताऱ्याला, बाबागाडी ढकलणाऱ्या आईला आणि चाकाच्या खुर्चीवरच्या माणसाला तितकंच सोयीचं ठरतं.

आयर्लंडमध्ये अशा बंद मार्गांवर पायी किंवा सायकलनं समुद्रापर्यंत जाता येईल अशा वाटा गेल्या दीड दशकात तयार झाल्या. तिथं त्यांना ग्रीनवे म्हणतात. कौतुक होतं ते निसर्गाचं आणि पर्यटनाचं. पण त्या देशातले तीन मार्ग शेजारी शेजारी ठेवून पाहिले, तर वाट सुखासुखी झाली की भांडणात अडकली, याचा निकाल निसर्गानं किंवा निधीनं लावलेला दिसत नाही. शेवटची गाडी गेल्यानंतर ती लांबलचक पट्टी एकाच्या नावावर राहिली की शंभरांच्या नावावर गेली, यावर तो ठरला.

पहिला मार्ग आग्नेयेकडचा, वॉटरफर्ड ते डंगार्व्हन. रेल्वे आली १८७८ मध्ये, प्रवासी गाड्या थांबल्या १९६७ मध्ये. पुढे समुद्राजवळच्या एका मॅग्नेसाइट कारखान्यासाठी मालगाड्या धावल्या, त्याही १९८२ च्या सुमारास संपल्या. जमीन मात्र सरकारी वाहतूक कंपनीनं विकली नाही. त्यामुळे २०१७ मध्ये ४६ किलोमीटरची अखंड वाट खुली झाली तेव्हा कुणाच्या दारात जाऊन जागा मागण्याची वेळ फारशी आली नाही. अकरा पूल, तीन मोठे सेतू आणि चारशे मीटरचा बोगदा, सगळं जागच्या जागी होतं. शहरातून निघाल्यावर बराच वेळ शूर नदी सोबत करते. या टप्प्यात जुन्या मार्गावरच पर्यटकांसाठी एक छोटी नॅरोगेज गाडीही धावते, तिच्या कडेनं माणसं चालतात. मग नदी सुटते, कुरणं लागतात, उजव्या हाताला कॉमरा डोंगर दिसू लागतो. किलमॅकथॉमस गावावरून तर आठ कमानींचा सेतू थेट छपरांच्या उंचीवरून जातो. गावातला रस्ता खाली दरीत उतरतो आणि पलीकडे पुन्हा चढतो, पायवाट मात्र वरच्या वर निघून जाते. रेल्वेच्या सपाटीचा अर्थ कळायला हे एकच ठिकाण पुरे.

बोगद्याच्या अलीकडची खिंड जरा थांबून बघावी अशी आहे. दोन्ही बाजूंना कापलेला खडक, त्यावरून सतत पाझरणारं पाणी आणि त्या ओलीवर नेच्यांचे जाड थर. आपल्याकडे श्रावणात घाटाच्या भिंती दिसतात तशा, फक्त इथं बारा महिने. आत बोगद्याला विटांचं अस्तर आहे आणि भिंतीत थोड्या थोड्या अंतरावर एक माणूस उभा राहील एवढे कोनाडे आहेत. गाडी आली की गँगमनने अंग चोरून उभं राहायची ती जागा. चालणाऱ्याला तो कोनाडा हातानं चाचपता येतो, आणि आपल्यापासून हातभर अंतरावरून इंजिन गेलं असेल तेव्हा आत उभ्या माणसाचं काय झालं असेल, याचा अंदाज येतो. गाडीत बसलेल्या प्रवाशाला हे कधी दिसलंच नसेल. पुढे बॅलीव्हॉइलचा सेतू लागतो. १९२२ च्या यादवी युद्धात तो उडवला गेला, १९२४ मध्ये पुन्हा बांधला. त्यानंतर वाट वळते आणि इतका वेळ झाडीत लपलेला समुद्र एकदम समोर येतो.

दुसरा मार्ग पश्चिमेच्या टोकाचा. मेयो परगण्यातल्या वेस्टपोर्टपासून अ‍ॅकिल बेटाच्या खाडीपर्यंत. इथला मुलूख गरीब. खडकाळ जमीन, बटाट्याचं तोकडं पीक आणि रोजगारासाठी बाहेर पडणारी तरुण मुलं. आर्थर बाल्फोर हा आयर्लंडचा कारभार पाहणारा मंत्री असताना १८८९ मध्ये अशा भागांत सरकारी पैशानं रेल्वे बांधण्याचा कायदा झाला, आणि त्यातून हा मार्ग १८९५ पर्यंत पूर्ण झाला. नफा होईल असं त्या काळातही फार कुणी मानत नव्हतं. दुष्काळी कामाचा हेतू त्यात उघड होता, आपल्याकडच्या दुष्काळी कामांवर बांधलेल्या तलावांसारखा. न्यूपोर्टच्या नदीवर लाल दगडाचा सात कमानींचा सेतू झाला, मलरॅनीला रेल्वे कंपनीनं हॉटेल काढलं. गाडीनं मासळी बाहेर गेली, पण तिच्याहून जास्त माणसं बाहेर गेली.

या मार्गाची एक कथा तिथं सगळे सांगतात. सतराव्या शतकातल्या ब्रायन रुआ नावाच्या भविष्यवेत्त्यानं म्हणे सांगून ठेवलं होतं, की लोखंडी चाकांच्या, धूर ओकणाऱ्या गाड्या अ‍ॅकिलला येतील आणि त्यांची पहिली आणि शेवटची खेप प्रेतांची असेल. १८९४ च्या जूनमध्ये अ‍ॅकिलची शंभराहून अधिक माणसं स्कॉटलंडला बटाटे काढायच्या हंगामी कामासाठी निघाली. वेस्टपोर्टच्या धक्क्याजवळ मोठी आगबोट दिसताच ती बघायला सगळी शिडाच्या होडीच्या एकाच बाजूला धावली, होडी उलटली आणि ३२ जण बुडाले. रेल्वेमार्ग रीतसर सुरू व्हायचा होता, त्यावरून त्यांची प्रेतं गावाकडे आली. १९३७ च्या सप्टेंबरमध्ये स्कॉटलंडमधल्याच कर्किनटिलॉक इथं मजुरांच्या झोपण्याच्या शेडला आग लागून अ‍ॅकिलचे दहा मुलगे गेले. त्यांच्या शवपेट्या गाडीनं आल्या आणि पंधरवड्यात मार्ग कायमचा बंद झाला. भविष्यवाणी घटना घडून गेल्यावर नीटनेटकी होत जाते, हा जगभरचा अनुभव. मधे काही काळ हा मार्ग बंद पडून पुन्हा सुरू झाला होता, ते या कथेत सोयीस्करपणे गळतं. पण ऊसतोडीच्या टोळ्या पाहिलेल्या माणसाला त्या दोन खेपांचा अर्थ भविष्यवाणीवाचून कळेल. दोन्ही वेळा मेलेली माणसं हंगामी मजूरच होती.

१९३७ नंतर रूळ निघाले आणि जमीन आसपासच्या शेतकऱ्यांकडे गेली. सत्तर वर्षांत कुणी त्यावर गुरं चारली, कुणी कुंपण घातलं. वाट करायची ठरली तेव्हा मेयोच्या परगणा परिषदेला एकेका शेतकऱ्याशी बोलावं लागलं. तोडगा असा निघाला, की जमीन शेतकऱ्याचीच राहील, तो फक्त जायला-यायला परवानगी देईल. कुणाला वाटेत अपघात झाला तर त्याचा दावा शेतकऱ्याच्या गळ्यात पडू नये, हा मुद्दा त्यात कळीचा होता. २०१० मध्ये न्यूपोर्ट ते मलरॅनी हा टप्पा खुला झाला, पुढच्या वर्षी सगळे ४२ किलोमीटर. वाटेत ठिकठिकाणी गुरांसाठी फाटकं आहेत, ती चालणाऱ्यानं लावून घ्यायची. क्लू उपसागरातली हिरवी टेकाडबेटं डावीकडे ठेवत माणसं खाडीपर्यंत जातात. प्रयोग गाजला, आणि वॉटरफर्डसारख्या इतर ठिकाणांना धीर आला तो इथूनच. तरी हा डोलारा शेजारधर्मावर उभा आहे. दिलेली परवानगी परत घेता येते.

परवानगी परत घेणं दूरच, ती द्यायलाच नकार दिला तर काय होतं, ते तिसऱ्या मार्गानं दाखवलं. नैर्ऋत्येच्या केरी परगण्यातला फॅरनफोर ते व्हॅलेन्शिया बंदर हा मार्ग १९६० मध्ये बंद झाला. समुद्रकड्याच्या कुशीतून जाणारा तो मार्ग देखणेपणात इतर दोघांना मागे टाकेल. जमीन इथंही शेतकऱ्यांना विकलेली. काहींनी संमती दिली, काहींनी दिली नाही, परिषदेनं सक्तीच्या संपादनाचा रस्ता धरला. २०२० च्या अखेरीस मंजुरी मिळाली, त्यावर प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. वॉटरफर्डला माणसं चालत होती त्या वर्षांत केरीत कागद चालत होते.

इथं शेतकऱ्याला अडवणूक करणारा म्हणून मोकळं होणं सोपं आहे, आणि अन्यायाचंही. त्यानं ती जमीन रेल्वेकडून पैसे मोजून घेतली. त्याच्या बापानं तिथं गोठा बांधला. आता शहरातून येणाऱ्या हौशी लोकांसाठी सरकार त्याच्या शेताचे दोन तुकडे करायला निघालं, तर तो न्यायालयात जाणारच. एकदा त्याच्या आजोबांचं शेत रेल्वेनं चिरलं होतं, ते नातवाच्या काळात पुन्हा चिरायचं कशाला? या प्रश्नाला सार्वजनिक हिताचं भाषण हे उत्तर होऊ शकत नाही. उत्तर इतकंच, की पट्टी विकलीच नसती तर त्याच्यावर ही पाळी आली नसती. १९६० नंतर तुकड्या-तुकड्यानं विकून जी किरकोळ रक्कम मिळाली असेल, तिच्या कितीतरी पट खर्च आणि मनस्ताप ते तुकडे पुन्हा सांधण्यात गेला.

दुसरा आक्षेप रेल्वेप्रेमींचा, आणि तो जास्त वजनदार आहे. पायवाट झाली की गाडी कायमची गेली, असं ते म्हणतात. आज चालणारे लोक उद्या रुळांना विरोध करतील, ही त्यांची भीती अगदीच काल्पनिक नाही. आयर्लंडच्या पश्चिमेकडच्या काही बंद मार्गांवर ग्रीनवे की रेल्वे असा वाद रंगलाही. पण त्याच भागातल्या एनिस ते अ‍ॅथेनराय या टप्प्यावर १९७६ मध्ये थांबलेली प्रवासी गाडी २०१० मध्ये पुन्हा सुरू झाली, ती मार्ग सरकारी ताब्यात शाबूत होता म्हणून. अ‍ॅकिलला गाडी परत न्यायचं कुणी मनात आणलं, तर त्यातली अडचण चालणारे लोक नसून शेकडो गट नंबर असतील. अमेरिकेनं १९८३ मध्ये कायद्यात याचीच सोय केली. बंद होणारा मार्ग भविष्यातल्या रेल्वेसाठी राखून ठेवायचा आणि तोवर त्यावर पायवाट चालवायची. मूळ जमीनमालक तिथंही न्यायालयात गेले, १९९० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कायदा उचलून धरला. म्हणजे पायवाट ही रेल्वेच्या जमिनीची राखणदार ठरू शकते. मोकळी पडलेली पट्टी कुणीतरी बळकावतोच, रोज हजार पावलं पडणारी पट्टी बळकावणं अवघड.

उपाशी माणसांच्या स्थलांतरासाठी वापरलेल्या मार्गावर सुट्टीतल्या लोकांनी आइस्क्रीम खात हिंडणं कुणाला खटकतं. खटकू द्यावं. मलरॅनीचं हॉटेल रेल्वेच्या काळातही सुट्टीतल्या लोकांसाठीच होतं.

आपल्याकडे हा प्रश्न विदर्भातल्या शकुंतलेच्या रूपानं उभा आहे. यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर हा सुमारे १९० किलोमीटरचा अडीच फुटी नॅरोगेज मार्ग कापसाच्या वाहतुकीसाठी किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीनं घातला. देशातली रेल्वे सरकारी झाल्यावरही त्याची मालकी खासगी कंपनीकडे राहिली, हे वेगळंच प्रकरण. गाडी थांबलेली आहे आणि लोकांची मागणी ब्रॉडगेजची आहे. ती रास्तच आहे. वऱ्हाडातल्या मे महिन्याच्या उन्हात हौसेनं चाळीस किलोमीटर चालायला कुणी येणार नाही, आणि अमरावती-यवतमाळच्या माणसाला पायवाटेआधी गाडी हवी आहे. आयर्लंडची नक्कल इथं करण्यात अर्थ नाही. मात्र नॅरोगेजची वळणं ब्रॉडगेजला फार तीव्र पडतात, म्हणून नवा मार्ग झाला तर तो जागोजाग सरळ काढावा लागेल आणि जुन्या वळणांचे तुकडे गावांच्या कडेला सुटे पडतील. एका गावातून दुसऱ्या गावातल्या शाळेत सायकलनं जाणाऱ्या मुलांना, बाजारला चालत निघालेल्या बायांना हमरस्त्यावरच्या ट्रकांपासून दूर असा सपाट रस्ता त्या तुकड्यांवर होऊ शकतो. तेवढ्यासाठी सातबाऱ्यावर त्यांची नोंद कुणाच्या नावानं राहते, हे नव्या रुळांचा पहिला ट्रक येण्याआधी पाहून ठेवायला हवं.