साल नसलेली पत्रे

रत्नागिरीजवळच्या कोतवड्याचे हरभट पटवर्धन घाट चढून गेले आणि इचलकरंजीकर घोरपड्यांचे उपाध्ये झाले. मुलांनी पळी-पंचपात्र सोडून तलवार धरली. गोपाळराव आणि परशुरामभाऊ हे नातू तर पेशवाईतले नावाजलेले सरदार. छावणीतून घरी, घरून छावणीत, पुण्याहून मिरजेला अशी पत्रे सारखी ये-जा करत राहिली. पेशवाई बुडाली आणि ही पत्रे रुमालांत बांधलेली तशीच राहिली.

गुहागरात १८५८ साली जन्मलेले वासुदेवशास्त्री खरे मिरजेच्या हायस्कुलात संस्कृत शिकवत. कविता करीत, नाटके लिहीत. पटवर्धनांचे कागद त्यांच्या हाती लागले आणि या माणसाचे उरलेले आयुष्य ठरून गेले. बखरकार मागाहून, ऐकून लिहितो. इथे प्रत्यक्ष राहुटीत बसलेला माणूस आज काय घडले ते आजच कळवत होता. दाण्यागोट्याची ओढ, थकलेला पगार, पुण्यातली कुजबूज, सगळे.

पण कागद उलगडला म्हणजे उमगला असे नव्हे. आधी ओळभर रेघ मारायची आणि बोरू फारसा न उचलता तिच्याखाली अक्षरे ओढत जायची, ही मोडीची रीत. शब्द कुठे तुटतो ते वाचणाऱ्याने ओळखायचे. ते साधले तरी खरी कोंडी पुढेच. पत्राच्या शेवटी ‘छ १२ सफर’ अशी चंद्रतारीख, आणि साल बहुतेक वेळा नाहीच! लिहिणाऱ्याला ते ठाऊक, घेणाऱ्यालाही ठाऊक. मग लिहायचे कशाला?

इथून खरा तपास सुरू होतो. मुसलमानी वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान, त्यामुळे प्रत्येक महिना ऋतूंतून मागे सरकत जातो. पत्रात नदीला पूर आल्याचे असेल, तर सफर महिना पावसाळ्यात कोणत्या वर्षी येत होता ते पाहायचे. तेहतीस वर्षांच्या फेऱ्यातली दहा-अकराच उरतात. मग माणसे तपासायची: या पत्रात हयात असलेला सरदार केव्हा वारला, मुक्काम कुठे होता, कुठे तिथी-वार दिला आहे का. एकेक वर्ष गळत जाते आणि पत्र आपल्या जागी बसते. एक साल चुकले, तर नारायणराव पेशव्यांच्या खुनाआधीची मसलत खुनानंतरची ठरायची. मला तरी हे काम लढाईहून कमी थरारक वाटत नाही.

१८९७ पासून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ छापून येऊ लागला. नुसती पत्रे नव्हेत. खऱ्यांनी त्यांना प्रस्तावना जोडल्या, आणि थोरल्या माधवरावांचा काळ, बारभाईंचे कारस्थान, १७९५ ची खर्ड्याची लढाई यांची ओळीने सांगितलेली हकिगत मराठी वाचकाच्या हाती आली. ११ जून १९२४ रोजी शास्त्रीबुवा मिरजेत वारले, तोवर बारा खंड झाले होते. उरलेल्या रुमालांचे काम मुलाने पुढे चालवले.