दारावरचा कॅमेरा किती पाहतो?

कोलकात्याच्या पूर्वेला, राजारहाटच्या शेतजमिनींवर वसलेलं न्यू टाउन म्हणजे टोलेजंग सोसायट्यांचं उपनगर. अशा सोसायटीत फाटकावर नाव-नंबर द्यायचा, लिफ्टमधल्या कॅमेऱ्याखाली उभं राहायचं आणि वर पोचलं की शेजाऱ्याच्या दारावर आणखी एक भिंग! आपल्या दारावर काय लावावं हा ज्याचा त्याचा प्रश्न, हे खरं. पण समोरच्यांकडे कोण किती वाजता आलं, हेही त्यात टिपलं जातंच.

2023चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा इथे फारसा कामाचा नाही; व्यक्तीच्या घरगुती वापराला तो लागूच होत नाही.

आधार मिळतो तो घटनेचा. 2017मध्ये पुट्टस्वामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. पुढे एका सामायिक घरातल्या भावांच्या वादात कलकत्ता उच्च न्यायालयाने 2025मध्ये बजावलं, की सोबत राहणाऱ्यांच्या संमतीविना राहत्या भागात कॅमेरे चालवता येणार नाहीत. सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हस्तक्षेप केला नाही. हा निकाल घरातल्या कॅमेऱ्यांचा. सामायिक व्हरांड्याचा प्रश्न मात्र सोसायटीच्या बैठकीतच भांडून सोडवावा लागतो.

खरं तर भिंग आपल्या उंबरठ्याकडे वळवायला स्क्रू ड्रायव्हर पुरतो. बऱ्याच कॅमेऱ्यांच्या ॲपमध्ये नको तो भाग झाकायची आणि आवाजाची नोंद बंद करायची सोयही असते.