संमति कोणाची?

आमच्या देऊळगांव राजा येथें आश्विनांत बालाजीच्या यात्रेला माहेरवाशिणी येतात. परवांच्या यात्रेला माझी एक पुतणी आली होती. जेवणें उरकल्यावर ओसरीवर बसून तिनें जी हकीकत सांगितली, ती ऐकून मला माझीच लाज वाटली.

दुसऱ्या बाळंतपणांत, कळा चालू असतांनाच, एका दवाखान्यांत तिच्यापुढें कागद धरण्यांत आला. "सासूबाईंनीं होकार दिला आहे, सही करा," एवढेंच सांगण्यांत आलें. तांबी बसविल्याचें तिला तीन दिवसांनीं कळलें. पुढें पोटांत दुखूं लागलें म्हणून ती काढावयास गेली, तर "दोन वर्षें थांबा" हें उत्तर! "काका, मला ती नकोच होती असें नाहीं; पण मला कोणी विचारलेंच नाहीं," असें ती म्हणाली. त्या वेळीं तिच्या सासऱ्यांना "उत्तम केलेंत" असें मींच कळविलें होतें!

हा प्रश्न कांहीं आजचा नव्हे. कै. रघुनाथ धोंडो कर्वे यांनीं १९२१ सालीं मुंबईस संततिनियमनाचें केंद्र काढलें. १९२५ सालीं त्यांना कॉलेजांतील प्राध्यापकीस मुकावें लागलें. तरी १९२७ पासून १९५३ सालीं देहावसान होईपर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिक त्यांनीं चालविलें. त्यांचा आग्रह ज्ञानाचा होता, सक्तीचा नव्हे. पुढें मात्र चक्र उलटें फिरलें. १९७६ सालीं आपल्याच विधिमंडळानें सक्तीच्या नसबंदीचें विधेयक संमत केलें. राष्ट्रपतींची मान्यता न मिळाल्यानें तें अमलांत आलें नाहीं. उद्दिष्टांचे आंकडे १९९६ सालीं कागदावरून गेले, परंतु मनांतून गेले नाहींत. २०१४ सालीं बिलासपूर जिल्ह्यांतील एका शिबिरांत कांहीं तासांत ८३ स्त्रियांवर शस्त्रक्रिया झाल्या. त्या प्रकरणांत बारांहून अधिक माउल्या दगावल्या. २०१६ सालीं सर्वोच्च न्यायालयानें अशीं शिबिरें तीन वर्षांत बंद करण्यास सांगितलें.

आणि हा भार कोणावर? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणें देशांतील विवाहित स्त्रियांपैकीं ३७.९ टक्के स्त्रियांची नसबंदी झालेली होती; पतीची नसबंदी झालेल्या अवघ्या ०.३ टक्के! वस्तुतः पुरुषाची शस्त्रक्रिया अधिक सोपी. तिच्यांत पोट उघडावें लागत नाहीं.

शासनाचे नियम तर स्पष्ट आहेत. नसबंदीची संमति दडपणाखालीं किंवा गुंगींत असतांना घ्यावयाची नाहीं. पतीची संमति आवश्यक नाहीं, मग सासूची कोठून? सर्व उपाय, त्यांचे गुणदोष आणि "कांहींच नको" म्हणण्याचा हक्क तिला आधींच समजावून सांगावयाचा असतो. तांबी नकोशी झाल्यास ती मुदतीपूर्वींहि काढून घेतां येते.

वाचकहो, दोष एकट्या दवाखान्याचा नाहीं. जेथें घरांतच सुनेचा शब्द मोजला जात नाहीं, तेथें परक्यानें तो कां मोजावा? गरोदरपणाच्या सहाव्या-सातव्या महिन्यांतच पतिपत्नींनीं डॉक्टरांशीं निवांत बोलावें. वडीलधाऱ्यांनीं विचारल्यास सल्ला द्यावा, निर्णय देऊं नये. मुलगाच हवा म्हणून "अजून एक" असा हट्ट धरणें, हेंहि याच सक्तीचें दुसरें तोंड होय.

दुसऱ्या दिवशीं पुतणीला घेऊन आम्हीं दुसऱ्या डॉक्टरीणबाईंकडे गेलों. बाईंनीं प्रथम तिलाच विचारलें, "तुम्हांला काय हवें?" पुतणीला उत्तर देण्यास क्षणभर वेळ लागला. तो प्रश्न तिला आजवर कोणी केलाच नव्हता, मीहि नाहीं.