दोस्ती सरकारांची, नजर जनतेची

दोन देशांची मैत्री करारावरच्या सह्यांनी जुळते, हे खरे. पण ती निभावण्याचा खर्च सामान्य माणूस कराच्या रूपाने भरतो. मित्राच्या हाताला रक्त लागलेले त्याला दिसले, की त्याचा हात आखडतो. हे मला सर्वांत ठळकपणे जाणवते ते १९७१ च्या अमेरिकेकडे पाहताना.

पाकिस्तान हा १९५४ पासून अमेरिकेचा लष्करी मित्र. शिवाय जुलै १९७१ मध्ये किसिंजर गुपचूप चीनला गेले, तेही पाकिस्तानमार्गेच. त्यामुळे २५ मार्चच्या रात्री ढाक्यात कत्तल सुरू झाली, तरी अध्यक्ष निक्सन मूग गिळून बसले. तिथले महावाणिज्यदूत आर्चर ब्लड यांनी ६ एप्रिलला सहकाऱ्यांच्या सह्यांची निषेधाची तार वॉशिंग्टनला धाडली, तर ब्लड यांनाच माघारी बोलावण्यात आले.

सरकार हलले नाही. लोक मात्र हलले. १३ जूनला लंडनच्या 'संडे टाइम्स'मध्ये अँथनी मस्करेन्हस यांचा वृत्तान्त छापून आला. मूळ गोव्याच्या कुटुंबातले, बेळगावात जन्मलेले हे कराचीचे पत्रकार. बायकामुलांना सुखरूप लंडनला आणल्यावरच त्यांनी डोळ्यांनी पाहिलेले जगासमोर ठेवले. जुलैत बाल्टिमोर बंदरात काही नागरिकांनी छोट्या होड्या आडव्या घालून 'पद्मा' हे पाकिस्तानी जहाज अडवू पाहिले. गोदी कामगारांनी माल चढवायला नकार दिला. १ ऑगस्टला न्यूयॉर्कमध्ये रविशंकर आणि जॉर्ज हॅरिसन यांनी निर्वासितांसाठी मैफल भरवली, आणि 'बांगला देश' हे नाव घरोघरी पोहोचले. त्याच महिन्यात अमेरिकी प्रतिनिधिगृहाने पाकिस्तानची मदत थांबवण्याच्या बाजूने मत दिले.

म्हणून युद्ध टळले का? नाही. डिसेंबरात सातव्या आरमाराची जहाजे बंगालच्या उपसागराकडे निघालीच. जनमताने सत्ता शहाणी होतेच असे नाही. पण पाकिस्तानला विमाने द्यायची, तर निक्सन यांना ती जॉर्डनच्या आडून, कायदा चुकवून धाडावी लागली. उजळ माथ्याने करायची गोष्ट सत्तेला लपूनछपून करावी लागते, हा लोकांच्या नजरेचा धाक! ती नजर दुसरीकडे वळली की धाकही संपतो, एवढे आपण रविवारच्या चहाबरोबर परदेशाच्या बातम्या चाळताना ध्यानात ठेवावे.