पानं झडली की दिसणारी झाडं

रानात पायी हिंडायचं म्हटलं की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे पावसाळा आणि सह्याद्री उभा राहतो. खानदेशातल्या रानाची वेळ वेगळी आहे. इथली झाडं पाहायची ती माघ-फाल्गुनात, सातपुड्याच्या उतारांवरची पानं झडून गेल्यावर. तेव्हा एकेका झाडाचं खोड, सालीचा रंग, फांद्यांची ठेवण लांबूनही ओळखू येते. राखाडी, गुळगुळीत अंगाचा धावडा कुठला आणि कड्यावरची सालई कुठली, हे पायवाटेवर उभं राहूनच सांगता येतं. कोकणातल्या दाट, सदाहरित रानात हे सुख मिळत नाही.

खानदेशातल्या धरणगावहून चोपड्याच्या रस्त्याने तापी ओलांडली की समोर सातपुड्याची निळसर रांग दिसू लागते. केळीच्या बागा आणि कापसाची शेतं मागे पडतात. अडावदजवळ उनपदेवचे गरम पाण्याचे झरे लागतात ते डोंगराच्या अगदी पायथ्याशी, आणि तिथून पूर्वेकडे यावल-रावेरच्या डोंगरांत यावल अभयारण्य पसरलेलं आहे. 1969 मध्ये घोषित झालेलं हे अभयारण्य सुमारे 176 चौरस किलोमीटरचं. रावेर तालुक्यातलं पाल हे गाव त्याचं एक दार. साग, ऐन, धावडा, सालई, तेंदू, पळस, मोह अशी शुष्क पानझडी रानाची सगळी मंडळी या पट्ट्यात भेटतात.

या मंडळींत नजर खिळवून ठेवतो तो कहांडोळ. खडकाळ, माती नसलेल्या उतारावर, जिथे दुसरं झाड मुळं धरायला तयार नसतं, तिथे तो उभा असतो. साल पांढरीफटक, कागदासारखी पातळ. तिचे पापुद्रे सुटतात आणि खालून नवी, हिरवट-गुलाबी झाक असलेली साल उघडी पडते. पौर्णिमेच्या रात्री निष्पर्ण कहांडोळ दिसला तर अंगावर काटा येतो. त्याला ‘भुत्या’ म्हणतात ते यामुळेच. त्याची बोंडं पाचच्या झुपक्याने लागतात, एखाद्या चांदणीसारखी, आणि त्यांच्यावरची बारीक लव अंगाला लागली की आग होते. त्यातल्या बिया मात्र भाजून खाल्ल्या जातात.

कहांडोळच्या खोडातून निघणारा डिंक जगभर विकला जातो. औषधांत, खाद्यपदार्थांत, कवळी बसवायच्या चूर्णातही तो वापरतात. हेच त्याच्या मुळावर आलं. बेताने खाच मारली तर झाड ती जखम भरून काढतं. पण जास्त डिंकाच्या हव्यासाने खोल आणि फार जवळजवळ खाचा मारल्या की ते खचतं आणि वाळतं. देशाच्या बऱ्याच भागांत कहांडोळ असाच विरळ झाला. म्हणून सातपुड्यात मोठ्या घेराचा, अखंड सालीचा कहांडोळ दिसला तर तिथे थोडं थांबायला हवं.

दुसरं झाड अंजन. खानदेशातल्या कोरड्या टेकड्यांवरची अंजनाची रानं वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकांत नावाजलेली आहेत. पान आपट्यासारखं जोडाचं, पण लहान. फांद्यांची टोकं खाली झुकलेली. लाकूड इतकं जड की पाण्यात सरळ बुडतं. खांबांना आणि शेतीच्या अवजारांना ते वापरत आले आहेत. उन्हाळ्यात गवत संपतं तेव्हा याच झाडाचा पाला गुरांना तगवतो, सालीच्या वाखापासून दोर वळतात. आणि 45 अंशांच्या उन्हात, पातळ मुरमावर हे झाड हिरवं राहतं ते मुळांच्या जोरावर. रोप वीतभर वर येण्याआधीच त्याचं सोटमूळ खडकाच्या भेगेतून बरंच खाली उतरलेलं असतं. खानदेशच्या हवेला इतकं पुरून उरणारं झाड दुसरं नाही, असं खुशाल म्हणावं. तरीही रस्त्याकडेला लावायला रोपं आणायची वेळ आली की शहरांतून अंजनाची आठवण क्वचितच निघते. लावले जातात ते गुलमोहर आणि ऑस्ट्रेलियातून आलेली नीलगिरी नाहीतर ऑस्ट्रेलियन बाभूळ.

ऑस्ट्रेलियाचा विषय निघालाच आहे, तर तिथली एक हकीकत इथल्या वाचकांनी ऐकावी अशी आहे. सिडनीच्या पश्चिमेला ब्लू माउंटन्स नावाचे डोंगर आहेत. नीलगिरीच्या पानांतल्या तेलामुळे दऱ्यांवर निळसर धुकं दिसतं, त्यावरून हे नाव पडलं. शंभर वर्षांपूर्वीपासून तिथे सुट्टीच्या दिवशी पाठपिशवी घेऊन रानवाटा तुडवणाऱ्यांचे क्लब आहेत. 1931 च्या ईस्टरला अशाच काही जणांना ग्रोस नदीच्या खोऱ्यात, उंच सरळसोट निळ्या नीलगिरींच्या रानात एक माणूस भेटला. ती जमीन त्याच्याकडे भाडेपट्ट्याने होती. झाडं तोडून तिथे अक्रोड लावायचा त्याचा बेत होता. या मंडळींनी त्याच्याशी बोलणी केली, 130 पौंडांवर त्याला हक्क सोडायला राजी केलं आणि मंदीच्या त्या दिवसांत वर्गणी आणि उसनवार करून पैसे उभे केले. 1932 मध्ये ते रान राखीव झालं. पुढे वणव्यांनी त्याला भाजलं, तरी ते आजही उभं आहे. सरकारी खात्याच्या आधी त्या झाडांची किंमत कळली ती पायी फिरणाऱ्यांना.

1994 मध्ये त्याच डोंगरांच्या उत्तरेला डेव्हिड नोबल हा वनरक्षक एका अरुंद घळीत उतरला असताना त्याला कधी न पाहिलेली झाडं दिसली. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या जीवाश्मांत ज्याचे भाऊबंद सापडत होते, तो वोलेमी पाइन जिवंत निघाला. रानात वाढलेली त्याची मोठी झाडं शंभराच्या आत आहेत, आणि जागा अजून गुप्त ठेवली जाते. 2019-20 च्या भीषण वणव्यात ती घळ वाचवण्यासाठी अग्निशमन दलाने खास मोहीम राबवली होती.

खानदेशाकडेही अशीच एक हकीकत आहे, फक्त ती पक्ष्याची आहे. रानपिंगळा हे छोटं घुबड 1873 मध्ये शास्त्राला माहीत झालं. खानदेशात नोकरीला असलेला सनदी अधिकारी जेम्स डेव्हिडसन याने 1884 मध्ये त्याचा नमुना गोळा केला, आणि त्यानंतर पक्षी जणू नाहीसाच झाला. मधे रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने आपल्याला तो 1914 मध्ये गुजरातेत मिळाल्याची बतावणी केली होती. तो नमुना चोरीचा होता, हे अमेरिकन पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी उघड केलं. मग खोट्या नोंदी बाजूला सारून त्यांनी जुन्या, खऱ्या नोंदींचा माग काढला आणि नोव्हेंबर 1997 मध्ये शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याच्या रानात रानपिंगळा दिसला. 113 वर्षांनी! हा पक्षी घरटं करतो ते जुन्या झाडाच्या ढोलीत. ढोली पडायला झाडाला कित्येक दशकं जगावं लागतं. शंभर रोपं लावून एका ढोलीची भरपाई होत नाही.

जुन्या झाडाचा मान राखण्याची रीत सातपुड्यातल्या पावरा, भिल्ल, तडवी वस्त्यांना कोणी शिकवायची गरज नाही. शेतासाठी रान मोकळं केलं तरी मोहाचं झाड उभं ठेवलेलं दिसतं. मार्च-एप्रिलच्या पहाटे त्याची मांसल फुलं टपटप गळतात, घरची माणसं टोपल्या घेऊन वेचायला जातात. फुलं दिसावीत म्हणून झाडाखालचा पालापाचोळा पेटवण्याची सवय मात्र रानाला महाग पडते. वाऱ्याने ती आग पसरली की उतारावरची सगळी कोवळी रोपं जातात. पाचोळा झाडून बाजूला करणं, फुलं गोळा करायला जाळी अंथरणं हे उपाय आहेत, आणि त्यांवर खर्च झाला तर तो सत्कारणीच लागेल.

धरणगावच्या दक्षिणेलाही वाटा आहेत. एरंडोलजवळचं पद्मालय, कमळांचं तळं आणि दोन गणेशमूर्ती असलेलं देवस्थान, भोवतालच्या झाडीमुळे दिवसभराच्या भटकंतीला पुरतं. त्याहून समृद्ध आहे चाळीसगावजवळचं पाटणादेवीचं रान. चंडिकेचं यादवकालीन देऊळ, वरच्या कड्यात पितळखोऱ्याची लेणी आणि भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, काढलेल्या मठाचा तेराव्या शतकाच्या आरंभीचा शिलालेख हे सारं एकाच रानात आहे. तो लेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी प्रकाशात आणला. हे रान ज्या अभयारण्यात येतं त्याचं नाव गौताळा औट्रमघाट. औट्रम म्हणजे जेम्स औट्रम, 1825 मध्ये धरणगावला तळ ठेवून भिल्ल पलटण उभारणारा. बालकवींचं जन्मगाव असलेलं धरणगाव असं एका घाटातल्या रानाशीही जोडलेलं आहे.

फिरायला जाताना वन विभागाची परवानगी काढावी, गावातला माहीतगार सोबत घ्यावा, आणि दहाच्या आत निम्मी वाट संपवावी. पाणी लागेल त्याहून जास्त जवळ बाळगावं. आग्या मोहोळाच्या झाडाखाली आवाज आणि धूर दोन्ही नकोत.

झाड वाचवायला माणसं पुढे येतात याचा पुरावा शोधायला सिडनीलाच जावं लागतं असं नाही. सांगली जिल्ह्यातल्या भोसे इथला, चारशे वर्षांचा मानला जाणारा वड रत्नागिरी-नागपूर महामार्गाच्या आड येत होता. 2020 मध्ये गावकरी आणि निसर्गप्रेमींनी आवाज उठवला आणि रस्त्याची आखणी बदलली. दोन वर्षांनी तो वड वादळात कोसळला, हे दुःख खरं. पण तो वाऱ्याने पडला, करवतीने नाही.

2021 च्या दुरुस्तीनंतर महाराष्ट्राच्या वृक्षसंरक्षण कायद्यात 50 वर्षं आणि त्याहून जुन्या झाडाला वारसा वृक्ष मानलं जातं. कायदा नागरी भागापुरता आहे, म्हणजे सातपुड्यातला कहांडोळ आणि गावच्या गायरानातला अंजन त्यात बसत नाही. पण धरणगाव, एरंडोल, चोपडा, अमळनेर इथल्या नगरपरिषदांच्या हद्दीतले वड, पिंपळ, चिंचा, कडुनिंब बसतात. या गावांतल्या शाळा-कॉलेजांनी आणि भटक्या मंडळींनी येत्या हिवाळ्यात हातात टेप घ्यावी. जमिनीपासून 1.37 मीटर उंचीवर खोडाचा घेर मोजावा, जुन्या माणसांना झाडाचं वय विचारावं, फोटोसह ती नोंद आपल्या नगरपरिषदेच्या वृक्ष प्राधिकरणाकडे लेखी द्यावी आणि पोच घ्यावी. रस्ता रुंद करायचा नकाशा टेबलावर येण्याआधी ही यादी तिथे पोहोचलेली असली पाहिजे.